तिथे कुणी राहत नाही

पांढरी हॅट डोक्यावर ठेवून, उजवा हात वर करून ज्याने शपथ घेतली तो आपला माणूस. कॅल्गरीत हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याच्या डोक्यावर हॅट ठेवतो. तो म्हणतो, या शहराने मला जसं घरात घेतलं तसं मीही दुसऱ्याला घेईन. मग सगळे ‘याहू’ म्हणून ओरडतात. पुष्कळ जण हसत हसत उरकतात. मी कधी हसत केलं नाही. मी शाळेत गेलेलो नाही. साठ वर्षं माझ्याकडे लिहिलेला शब्द नव्हता, तोंडचा तेवढा होता. तेव्हा शपथ म्हणजे शपथ, असं मी धरून चाललो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी विमानतळावर लाल जाकीट आणि पांढरी हॅट घालून उभा राहायचो. सामान कुठे येतं, बस कुठून सुटते, मुतारी कुठे आहे, एवढंच सांगायचं. पगार नाही, पण म्हातारपणी कुणीतरी आपल्याला काही विचारतं हे पुरेसं होतं.

गस लाफ्लरला हे पटायचं नाही. "तीस वर्षं घोड्यांना रस्ता दाखवलास, आता माणसांना दाखवतोयस. उतरलास की रे वास्या."

गसची आणि माझी ओळख तबेल्यातली. जुलैत स्टॅम्पीड नावाची घोड्यांच्या शर्यतींची जत्रा भरते, तिच्या मैदानामागे घोड्यांचे लांबलचक तबेले होते, तिथे आम्ही दोघं कामाला होतो. मुकादम रोज सकाळी कुणाचं काय काम ते फळ्यावर खडूने लिहायचा. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात गसने ते ओळखलं. मला काही विचारलं नाही, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो फळ्यासमोर उभा राहून मोठ्याने कुरकुरायला लागला.

"बघ वास्या, सात नंबरची चावरी घोडी आज पुन्हा तुझ्याच गळ्यात! आणि मला काय, तर शेणाची गाडी. मुकादमाच्या बापाचं खाल्लंय आम्ही?"

तीस वर्षं तो असा कुरकुरत राहिला. सगळे त्याला किरकिऱ्या म्हणायचे, आणि मुकादमाने दोनदा त्याला त्यापायी रात्रपाळीत टाकलं. व्हेग्रेव्हिलजवळ आमचं शेत होतं, तिथे माझ्या आईला माझ्या नावाने पत्रं तोच लिहायचा. बहीण ती वाचून दाखवायची. आईला वाटायचं पोरगा शहरात जाऊन शिकला. मरेपर्यंत तिला तसंच वाटलं.

गुडघे गेले आणि तबेला सुटला, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी मी वाचनालयाच्या तळघरातल्या वर्गात जाऊन बसलो. बर्निस बाई शिकवायच्या. दोन हिवाळे लागले. गसला सांगितलं तर तो म्हणाला, "सुटलो बाबा. आता माझ्या तोंडाला विश्रांती."

त्याच सुमारास त्याची बायको वारली. त्याला म्हाताऱ्यांच्या इमारतीत नवव्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी उघडत नव्हती. अकरा दिवस काढले त्याने. बाराव्या दिवशी चहाची किटली घेऊन निघून आला आणि गार्डाच्या डब्यात राहायला लागला.

इंगलवुड या आमच्या वस्तीत जुन्या ब्रुअरीच्या मागे, नदीच्या अलीकडे, रुळांचा एक तुकडा झुडपांत पडलेला आहे. त्यावर मालगाडीच्या शेवटी असायचा तसला एक लाल डबा कुणीतरी कधीतरी सोडून दिला होता. गसने त्यात चूल बसवली, छत डांबराने बुजवलं, दाराला आतून घोंगडी लावली. जमीन कुठल्याशा लांबच्या कंपनीची. कंपनीला डब्याची आठवणही नव्हती. पण एकदा का बोभाटा झाला असता की माणूस आत राहतोय, तर गसला हाकलायला त्यांना आठवडासुद्धा लागला नसता, आणि मग पुन्हा तो नववा मजला. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतली डोरीन त्याला कालचा पाव द्यायची. मालगाडीचे ड्रायव्हर तिथून जाताना शिटी आखूड वाजवायचे. आणि कुणी परक्याने धूर बघून विचारलं की आम्ही सगळे एकच सांगायचो, "तिथे कुणी राहत नाही."

एकोणीस वर्षं हे चाललं.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी ट्रिस्टन हॅलेट नावाचा माणूस टोरांटोहून आला. पस्तिशीचा असेल. सामान घेऊन जायचं सोडून तो माझ्याजवळ येऊन थांबला. मी खिशातल्या वहीत त्या दिवशीच्या विमानांच्या वेळा लिहीत होतो.

"तुम्ही लिहिता, काका?"

"वेळा लिहितो. विसरायला होतं."

"अक्षर छान आहे."

मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला नको ते सांगून बसलो, की एकसष्टाव्या वर्षी शिकलो. त्याने बॅग खाली ठेवली. म्हणाला, पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यांना या शहराची ओळख करून देणारी एक पुस्तिका तो लिहितोय. चाळीस पानांची. विमानतळावर, हॉटेलांत, सगळीकडे फुकट ठेवणार. "मला असा माणूस हवाय जो इथला आहे. तीन दिवस मला फिरवाल? पुस्तिकेत तुमचं नाव छापू. पहिल्या पानावर."

छापील नाव. माझं नाव मी तोवर फक्त विजेच्या बिलावर पाहिलं होतं.

"टोरांटोची माणसं आम्हाला गवत खाणारी समजतात," मी म्हटलं.

"म्हणूनच तर म्हणतोय, तुम्ही दाखवा."

मी माझ्या डोक्यावरची हॅट काढली. तेरा वर्षांची होती, आतल्या पट्टीला घामाचा डाग होता. ती त्याच्या डोक्यावर ठेवली आणि तिथेच सरकत्या पट्ट्याजवळ त्याला शपथ दिली. त्याने हात वर केला, शब्द नीट म्हटले, हसला नाही. ‘याहू’ सुद्धा पोटातून ओरडला. कॉफीवाल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस मी त्याला सगळीकडे नेलं. मनोरा, काचेचे पूल, डोंगराकडची बाजू, सोळाव्या अव्हेन्यूवरचं आल्याचं बीफ. तो चांगला माणूस होता, हे मला आजही म्हणावं लागतं. दार धरायचा. माझ्या गुडघ्यांसाठी सावकाश चालायचा. सगळं मन लावून ऐकायचा, आणि माझं ऐकणारं तेव्हा गसशिवाय कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चिनूक सुटला. पश्चिमेकडून तो उबदार वारा आला की दुपारपर्यंत बर्फाचं पाणी होतं, छपरं गळायला लागतात, आणि माणसांच्या जिभाही सैल होतात. हॅलेट म्हणाला, "काका, मनोरा सगळेच बघतील. पुस्तकात नसतं असं काहीतरी दाखवा. माझ्यापुरतं."

"तुझ्यापुरतं?"

"माझ्यापुरतं. हे लिहिणार नाही." त्याने हॅटला हात लावला. "यावर शपथ."

मी त्याला ब्रुअरीच्या मागे नेलं. वाटेत बडबडत होतो. विटांची भिंत संपली की तिसऱ्या झाडाशी वळायचं. चरावर फळी टाकलीय, ती डावीकडे हलते, उजव्या पायावर भार द्यायचा. दारावर दोनदा ठोकायचं, एकदाच ठोकलं तर म्हातारा उघडत नाही.

गसने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग हॅटकडे, मग हॅटखालच्या माणसाकडे.

"हे कोण?"

"हॅलेट. टोरांटोचा."

"टोरांटो? मग तिथले उंच मनोरे सोडून इथे चिखलात काय करतोय?"

"गस, आपलाच आहे. हॅट घातलीय, शपथ घेतलीय. माझ्या हातून."

"हॅट काय," गस म्हणाला, "डोरीनच्या नातवंडांनी परवा बर्फाच्या माणसालाही घातली होती. आज बघ जाऊन, नुसती हॅट उरलीय डबक्यात."

तरी त्याने आत घेतलं. तव्यावर बॅनक होती, त्याच्या आजीच्या पद्धतीची जाड भाकरी. तिचे तीन तुकडे केले, वर सॅस्कटून बोरांचा मुरंबा घातला, डब्यातला चहा ओतला. हॅलेटने फोटो काढू का म्हणून विचारलं. गस म्हणाला, "नको." हॅलेटने लगेच फोन टेबलावर उपडा ठेवला. मग गसने त्याला एकोणऐंशी सालचा पूर सांगितला, सात नंबरच्या घोडीने मुकादमाचा चावा कुठे घेतला ते सांगितलं. मला वाटलं, झालं, जुळला दोघांचा सूर. मनात मी खूश होतो. दोन्हीकडून मोठा झाल्यासारखं वाटत होतं.

परतताना फळी ओलांडली आणि हॅलेटने खिसे चाचपले. "हातमोजा राहिला वाटतं. तुम्ही थांबा काका, पुन्हा कशाला गुडघ्यांना त्रास. आलोच."

दहाएक मिनिटांनी आला. हातात हातमोजा होता. "दारातच पडला होता."

वारा त्या दिवशी इतका उबदार होता की हातमोजे कुणी खिशातून काढलेच नव्हते. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मेच्या अखेरीस पुस्तिकांचे गठ्ठे विमानतळावर आले. मी एक उचलली आणि सामानाच्या पट्ट्याजवळ बाकावर बसलो. मी अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो. पहिल्या पानावर माझं नाव होतं. वासिल ह्रिंचुक, एकही अक्षर न चुकता. त्याखाली लिहिलं होतं, ज्याने साठीनंतर वाचायला शिकून आम्हाला हे शहर वाचायला शिकवलं. मी ते चार वेळा वाचलं. कॉफीवालीला दाखवलं. ती म्हणाली, "आजोबा, आता आम्हाला ओळख द्याल ना?"

मग पुढची पानं चाळली. एकतिसाव्या पानावर गार्डाचा डबा होता.

फोटो पानभर. लाल डबा, धुराडं, खिडकीत गसच्या खांद्याची सावली. खाली मजकूर. तो मला बोट न ठेवता वाचता आला, कारण शब्द माझे होते. विटांची भिंत संपली की तिसऱ्या झाडाशी वळा. फळी डावीकडे हलते, उजव्या पायावर भार द्या. दारावर दोनदा ठोका. नशीब असेल तर आतला म्हातारा ऊन ऊन भाकरी देईल.

मी पुस्तिकांच्या टेबलावरचा सगळा गठ्ठा उचलून लाल जाकिटाच्या कपाटात कोंबला. दुपारी तिथे नवा गठ्ठा ठेवलेला होता.

त्याच संध्याकाळी मी गसकडे जायला हवं होतं. गेलो नाही. म्हटलं, फुकटची पुस्तिका कोण शेवटपर्यंत वाचतो? लोक नकाशा बघतात आणि टाकतात. पंधरा दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो. रविवारी चहाला गेलो की गसच्या तोंडाकडे बघायचो.

"काल दोन जर्मन पोरी आल्या होत्या," पहिल्या रविवारी तो म्हणाला. "गोड होत्या. भाकरी मागितली."

"चुकून आल्या असतील."

"असतील. दोनदा ठोकलं त्यांनी."

मी चहात साखर ढवळत राहिलो.

दुसऱ्या रविवारी फळीपाशी अकरा माणसं रांगेत उभी होती. एकाने पोराला खांद्यावर घेतलं होतं. कुणीतरी डब्याच्या पायरीवर डोनटचा खोका ठेवला होता, देवापुढे ठेवावा तसा. गसने पडदा ओढून घेतला होता. पुढच्या बुधवारी कंपनीची दोन माणसं आली आणि दारावर कागद चिकटवून गेली.

डोरीनने मला बेकरीतून हाक मारून सांगितलं. पिठाचे हात तिने पुसलेसुद्धा नव्हते. "कोण बोललं असेल रे वासिल? एकोणीस वर्षं इथला कुत्रा भुंकला नाही."

मी म्हटलं, "काय माहीत."

गस पायरीवर बसला होता. कागद त्याने काढून मांडीवर ठेवला होता. मला बघून त्याने तो पुढे केला.

"वाच."

"तू वाचलास ना?"

"तू वाच. आता येतं ना तुला."

मी वाचलं. बोट ठेवून, मोठ्याने. विनापरवाना वास्तव्य. दहा दिवसांत जागा रिकामी करावी. ‘वास्तव्य’ या शब्दाला अडखळलो. तबेल्यात असताना अशा वेळी त्याने शब्द पुरवला असता. आता त्याने पुरवला नाही. मी तीनदा प्रयत्न करून तो उच्चारला.

मग त्याने हात मागे घातला आणि घोंगडीखालून पुस्तिका काढली. पानं दुमडून मऊ झाली होती.

"आता हे."

"गस..."

"पहिलं पान आधी. नाव छापलंय बघ किती छान."

मी माझं नाव वाचलं. मग एकतिसावं पान उघडून तेही वाचलं, भिंत, झाड, फळी, दोनदा. तो नदीकडे बघत ऐकत होता. एक मालगाडी गेली, शिटी आखूड वाजली.

"कधीपासून आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

"त्या जर्मन पोरींनीच दिली. मला वाटलं, वास्या रविवारी येईल आणि सांगेल. मग वाटलं, पुढच्या रविवारी सांगेल."

"त्याने शपथ घेतली होती, गस. माझ्यासमोर. हॅटवर हात ठेवून."

"त्याचं मला काय सांगतोस? तो टोरांटोचा. मी त्याला ओळखत नव्हतो." तो उठला, गुडघे झाडले. "छान वाचतोस. बर्निस बाईला सांग."

घरी येऊन मी हॅलेटला फोन लावला. त्याला माझा आवाज ऐकून खरंच आनंद झाला.

"काका! बघितलीत ना? सगळ्यांना ते पान आवडलंय. सगळ्यांत जास्त तेच!"

"तू शपथ घेतली होतीस."

"कसली?"

"लिहिणार नाही म्हणून. हॅटवर."

"पण मी त्यांचं नाव कुठे लिहिलंय? आणि काका, ती शपथ... ती गंमत असते ना? पाहुण्यांसाठी? माझी हॅट तर माझ्या पुतणीने नेली शाळेच्या नाटकात." मग समजावणीच्या सुरात, "उलट त्यांना मदतच होईल. लोकांना कळलं की असं कुणी राहतं..."

मी फोन ठेवला. माझी हॅट, तेरा वर्षांची.

मी कंपनीला पत्र लिहिलं, दोन पानांचं, शब्दकोश घेऊन. वस्तीतल्या चौसष्ट जणांच्या सह्या घेतल्या. सही करताना प्रत्येकाने मला विचारलं की त्या छोकऱ्याला तिथवर नेलं कुणी, आणि प्रत्येकाला मी सांगितलं. डोरीनने सही केली आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. कंपनीचं उत्तर आलं नाही. दहाव्या दिवशी क्रेन आली. त्या लाल डब्याला आता बाजार होता, फोटोमुळे. दक्षिणेकडच्या एका नव्या हॉटेलाने तो अंगणात ठेवायला नेला.

गस नवव्या मजल्यावर गेला नाही. लाक ला बिश या गावी त्याची भाची असते, तिच्याकडे निघाला, उत्तरेला बसने दिवसभराची वाट. मी थांब्यावर गेलो. त्याच्याकडे एक पिशवी आणि ती किटली होती. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्याने ती दुसऱ्या हातात घेतली.

"मी पत्र लिहीन," मी म्हटलं.

"नको लिहूस, वास्या."

बस येईपर्यंत आम्ही उभे होतो. तो बसच्या पाटीकडे बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी कुरकुरेल, ड्रायव्हरबद्दल, खुर्च्यांबद्दल, कशाबद्दलही. चढताना त्याने मागे बघितलं नाही.

लाल जाकीट मी परत दिलं. तरी पत्र लिहिलंच, सप्टेंबरात. चार दिवस लागले. सबबी घातल्या नाहीत, चिनूकचं नाव काढलं नाही. फळ्यासमोरच्या कुरकुरीबद्दल मी आयुष्यात कधी त्याला काही बोललो नव्हतो, ते लिहिलं. सात नंबरच्या घोडीबद्दल लिहिलं. आईबद्दल लिहिलं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. पाकीट फोडलेलं नव्हतं. माझ्या पत्त्याभोवती शाईने गोल काढला होता आणि गसच्या पत्त्यावर तिरकी ओळ लिहिली होती. अक्षराचं ते वळण मी लांबूनच ओळखलं. तीस वर्षं मी ते तबेल्यातल्या पेटीवर शेजारी बसून बघितलं होतं, माझ्या आईच्या पत्रांत, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता मी दारातच उभं राहून ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं.

‘इथे कुणी राहत नाही.’